हॅटीच्या नावाची मडकी

नवरी घरात येऊन तिसरा दिवस उजाडला तरी डॅरलच्या आत्या चिखल घेऊन आल्या नव्हत्या. अल्फ्रीडाला सकाळपासून चैन नव्हतं ते त्यामुळेच. येणार त्या नक्की होत्या. लाडक्या भाच्याला दुसऱ्या गावच्या पोरीनं पळवलं, म्हणून आत्यांनी त्याच्या आईच्या घरावर चालून जायचं, भिंतींना, माणसांना, हाताला लागेल त्याला चिखल फासायचा आणि नवरीला पोटभर नावं ठेवायची, हा त्यांचा हक्क. ज्या घरावर आत्या येत नाहीत, त्या घरातल्या मुलावर कुणाचा जीव नाही असंच त्यांच्या पोलाका गावात समजतात. त्या कधी येणार हे मात्र कुणी विचारायचं नसतं.

अल्फ्रीडाला स्वतःच्या अंगाची पर्वा नव्हती. पर्वा होती ती बाहेरच्या खोलीतल्या फडताळाची. ते दारासमोरच होतं. त्यावर तिच्या आईनं, हॅटीनं, तरुणपणी करून विकलेली त्रेचाळीस मडकी ओळीनं मांडलेली होती. एकोणीस वर्षांपूर्वी अल्फ्रीडानं नवऱ्याचं सामान उचलून दाराबाहेर ठेवलं, तो आपल्या आईकडे निघून गेला, आणि त्याच उन्हाळ्यात फिनिक्सच्या जुन्या बाजारात तिला आईच्या सहीचं पहिलं मडकं दिसलं. तेव्हापासून शाळेच्या बसवर ड्रायव्हरकी करून मिळणारी प्रत्येक सुट्टी या कामात गेली होती. पूर्वी गावाहून मडकं घेऊन गेलेला कुणी म्हातारा प्रवासी वारला, कुणाच्या घरातल्या वस्तू अंगणात विकायला मांडल्या, की अल्फ्रीडा तिथे हजर. मडकं उलटं करायची, बुडावर खिळ्यानं कोरलेलं ‘हॅटी’ वाचायची आणि छातीशी धरून घरी आणायची.

“नवरा गेला आणि फडताळ आलं,” धाकटी बहीण, डॅरलची आई ट्रीव्हा म्हणायची. “नवऱ्याची निदान धूळ पुसायला लागत नव्हती.”

त्या शनिवारी सकाळी अल्फ्रीडा एकेक मडकं टॉवेलात गुंडाळत होती.

“ताई, तो माझा आंघोळीचा टॉवेल आहे,” ट्रीव्हा म्हणाली. ती स्वतः मुलाच्या लग्नाच्या घाईत होती. चुलीवर मटण आणि मक्याचा रस्सा रटरटत होता.

“परत देते.”

“कधी देतेस? आणि नेतेस कुठे ही सगळी?”

“बसमध्ये.”

ट्रीव्हानं खिडकीतून अंगणात पाहिलं. शनिवार-रविवारी शाळेची पिवळी बस त्यांच्याच अंगणात उभी असायची. “शाळेची बस आहे ती. त्यांना कळलं तर तुझी नोकरी जाईल.”

“कोण सांगणार त्यांना? तू?”

“मी कशाला सांगू? सगळं गाव बघतंय.”

हॅटी खिडकीपाशी बसून एका नव्या मडक्याला गुळगुळीत दगडानं घोटत होती. ऐंशीव्या वर्षी तिला दाराजवळचं माणूस ओळखू यायचं नाही, पण बोटांखालचा खडा कळायचा. ती मान वर न करता म्हणाली, “मातीच्या वस्तूला चिखलाची भीती. हे मी आजच ऐकते.”

“आई, तुझीच आहेत ही.”

“म्हणून तर सांगते. विकली मी ती. पीठ आणलं, साखर आणली, तुमच्या अंगावर कपडे आणले. विकलेली वस्तू परत घरात आणणारी बाई मी तुझ्याशिवाय दुसरी पाहिली नाही.”

“तू ठेवलं नाहीस एकही, म्हणून मला आणावी लागली.”

“ठेवून काय करायचं होतं? खायचं होतं?”

ट्रीव्हा हसली. या घरात फडताळावरून भांडण निघालं की आई नेहमी ट्रीव्हाच्या बाजूची, आणि अल्फ्रीडाच्या बाजूला असला तर ट्रीव्हाचा नवरा लेलंड. तोही न्यायासाठी नव्हे, तर ट्रीव्हाच्या विरुद्ध कुणीतरी आहे याच्या समाधानासाठी. आज तर त्याला जास्तच उत्साह होता, कारण चिखल घेऊन येणाऱ्या तिघी त्याच्या सख्ख्या बहिणी होत्या, आणि मुलाला सांभाळता आलं नाही म्हणून बापालाही त्या चिखल फासत, वर त्याचे केसही कापत. तो दोन्ही हातांत एकेक मडकं धरून, पाऊल जपून टाकत बसमध्ये नेऊन ठेवत होता. एका बाकावर दोन-दोन. मोठे घडे मागच्या बाकांवर, वाडगे पुढे.

“कुणी दंगा केला तर खाली उतरवीन,” तो मडक्यांना दटावून म्हणाला.

आतल्या खोलीतून पाट्याचा घरघर आवाज येत होता. नवरी, कॅमिल, दुसऱ्या मेसावरच्या, म्हणजे पलीकडच्या सपाट माथ्याच्या डोंगरावरच्या गावची. तिला चार दिवस सासूच्या घरी मका रगडायचा होता आणि बोलायचं जवळजवळ नव्हतंच. तीन दिवसांत तिचा आवाज घरानं ऐकला नव्हता, पण रगडलेल्या निळ्या पिठाचा डोंगर बघून ट्रीव्हा मनातून खूश होती. डॅरल वर डोंगरावरच्या गावात पुरुष मंडळींबरोबर नवरीचं वस्त्र विणायला बसला होता, म्हणजे निदान आत्यांच्या तावडीतून सुटला होता.

निम्मी मडकी बसमध्ये गेली तेव्हा लेलंड म्हणाला, “मी जरा इमोजीनकडे चक्कर मारून येतो. काय बेत आहे ते बघतो.”

“सांगेल ती तुला?” ट्रीव्हानं विचारलं.

“सख्खी बहीण आहे माझी.”

“म्हणूनच विचारते.”

अर्ध्या तासानं तो परत आला तो धुतलेला शर्ट घालूनच. बहिणीकडेच बदलला होता म्हणे. “निवांत राहा,” तो म्हणाला. “इमोजीनचा पाण्याच्या टाकीचा ट्रक बिघडलाय. पाणी नाही तर चिखल कुठला? सोमवारशिवाय येत नाहीत.”

अल्फ्रीडाला इतकं बरं वाटलं की ती तिथेच खुर्चीवर टेकली. ट्रीव्हानं तिला कॉफी दिली, सोबत पिकीची, म्हणजे निळ्या मक्याच्या पोळीची, कागदासारखी पातळ गुंडाळी दिली, आणि टॉवेलाचा विषय काढला नाही. दोघी बहिणी बऱ्याच दिवसांनी शेजारी बसल्या.

“सोमवारी मला बस चालवायची आहे,” अल्फ्रीडाला आठवलं. “उद्या संध्याकाळी सगळी परत आत आणायला लागतील.”

“मग उद्याचं उद्या बघू,” ट्रीव्हा म्हणाली. “लेलंड, तू तिथे दारात काय करतोस?”

लेलंड दारात उभा राहून रस्त्याकडे बघत होता. “काही नाही. हवा घेतोय.”

रस्त्याच्या वळणावर तेवढ्यात ट्रक दिसला. ट्रकवर पाण्याची टाकी होती. टाकी गळत होती, आणि ट्रकच्या मागच्या भागात, दोन बादल्या आणि एक पत्र्याचं घमेलं मध्ये ठेवून, जुने कपडे घातलेल्या तीन बायका बसल्या होत्या. चालवत होता तो इमोजीनचा नवरा, आणि तो शरमेनं समोर बघत होता.

“लेलंड,” ट्रीव्हा हळू आवाजात म्हणाली.

“तिनं मला शब्द दिलाय,” लेलंड म्हणाला. “माझे केस कापणार नाहीत.”

केस त्यांनी खरंच कापले नाहीत. धाकट्या दोघींनी त्याला दारातच धरलं, गुडघ्यावर बसवलं आणि इमोजीननं एक अख्खी बादली हळूहळू, शांतपणे, तेल घालतात तशी त्याच्या डोक्यावर रिकामी केली. धुतलेला शर्ट तिच्याच घरचा होता. तो वाया गेल्याचं दुःख तिला झालं असावं, कारण तिनं उरलेला चिखल त्याच्या कानांत भरला.

“केसांचं बोललो होतो आम्ही,” ती म्हणाली. “चिखलाचं कुठे काय बोललो?”

मग त्या घराकडे वळल्या. भिंतीवर पहिला गोळा बसला तशी शेजारपाजारची माणसं अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. कुणी खुर्च्याही आणल्या.

“कुठे आहे ती?” इमोजीन ओरडली. साठीची बाई, अंगानं भरलेली, आवाज पोलाकापासून वरच्या गावापर्यंत पोचणारा. “आमचा राजा पळवणारी कुठे आहे? तिरळी आहे म्हणे. एक डोळा मक्यावर, एक डॅरलवर.”

“तिच्या हातची पिकी कुत्रंसुद्धा हुंगून सोडून देतं,” दुसरी म्हणाली.

“तीन दिवसांत मूठभर पीठ केलं म्हणे,” तिसरीनं भर घातली. “तेही झोपेत.”

ट्रीव्हा कमरेला पदर खोचावा तसा एप्रन खोचून बाहेर आली. मुलाच्या आईनं या वेळी मागे हटायचं नसतं. “तुमचा राजा सहा वर्षं तुमच्याकडे जेवायला येत होता,” ती म्हणाली. “काय वाढलंत त्याला? डब्यातलं मांस. माझ्या सुनेच्या हातचं खाल्ल्यावर त्याला पहिल्यांदा कळलं की जेवण गरम असतं.”

लोक हसले. ट्रीव्हाच्या तोंडावर चिखलाचा गोळा बसला. तिनं तोच तोंडावरून काढून नणंदेला परत केला. आतल्या खोलीत पाट्याचा आवाज चालूच होता, फक्त मधेमधे अडखळत होता. कॅमिलला हसू आवरत नसावं.

अल्फ्रीडा या सगळ्यात नव्हती. पहिल्या गोळ्याबरोबर ती फडताळावरची उरलेली मडकी चादरीत झाकून, चादरीवर स्वतः पाठ लावून उभी राहिली होती. तेवढ्यात तिला आठवलं की बसचं दार उघडंच आहे. ती धावत अंगणात गेली आणि बसच्या पायरीवर हात पसरून उभी राहिली. हीच तिची चूक झाली. तोपर्यंत बसकडे कुणाचं लक्षही नव्हतं.

इमोजीन दोन्ही हातांत चिखल घेऊन सावकाश चालत आली. “काय लपवलंयस गं आत? नवरी?”

“इमोजीन, मला काय लावायचं ते लाव. आत येऊ नकोस.”

“आता तर आलंच पाहिजे.”

तिनं उजव्या हातातला चिखल अल्फ्रीडाच्या एका गालाला आणि डाव्या हातातला दुसऱ्या गालाला नीट, सारखा लावला, तिला बाजूला केलं आणि पायरी चढली. बाकांवर दोन-दोन करून टॉवेल पांघरून बसलेली मडकी बघून ती तिथेच थांबली. मग तिला हसू फुटलं. हसता हसता ती ड्रायव्हरच्या जागेवर बसली.

“अगं, या बघायला,” तिनं बहिणींना हाक मारली. “मडकी शाळेत निघालीत.”

“हात लावू नकोस,” अल्फ्रीडा म्हणाली. गालावरचा चिखल तोंडात जात होता. “आईची आहेत ती. माझं आयुष्य गेलंय ती जमवण्यात.”

इमोजीननं जवळच्या बाकावरचा टॉवेल दोन बोटांनी उचलला. खालचं मडकं बघितलं. शेजारचं बघितलं. पुढच्या बाकावरचं बघितलं. मग ती बसच्या दारात आली आणि साऱ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ऐका हो ऐका. या घरच्या बायका कसल्या? मुलगा आमचा, तो त्यांनी वाढवला म्हणतात. आणि मडकी माझी, ती हॅटीची म्हणून फडताळावर मांडतात.”

अंगणात हशा पिकला. या दिवशी बोललेलं काही खरं धरायचं नसतं, रागवायचं तर मुळीच नसतं. अल्फ्रीडाही हसली. हसता हसता तिची नजर दारात उभ्या असलेल्या आईकडे गेली. हॅटी हसत नव्हती. ती हातातल्या घोटायच्या दगडाकडे बघत होती.

तासाभरात चिखल संपला. आत्याबायांनी नवरीसाठी आणलेली पिठाची परात ट्रकमधून काढून ट्रीव्हाच्या हातात दिली, ट्रीव्हानं त्यांना हात धुवायला पाणी दिलं, आणि मघाशी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या बायका एका टेबलाभोवती रस्सा खायला बसल्या. लेलंड बाहेर नळाखाली कान धूत होता.

अल्फ्रीडा जेवली नाही. तिनं इमोजीनला विचारलं, “मघाशी काय म्हणालीस तू बसमध्ये?”

“मघाशी मी काहीबाही म्हणाले,” इमोजीन ताटातून नजर न काढता म्हणाली. “तुझ्या भावजयीला तिरळीही म्हणाले.”

“भावजय नाही ती. सून आहे.”

“तेच ते.”

“इमोजीन.”

इमोजीननं चमचा खाली ठेवला आणि हॅटीकडे बघितलं. हॅटी म्हणाली, “सांग आता. सुरुवात केलीसच आहेस.”

“मी एकोणीस वर्षांची होते,” इमोजीन म्हणाली. “एक पोर कडेवर, एक पोटात, नवरा रेल्वेच्या कामावर लांब. मडकी करायचे, पण दुकानदार माझी घ्यायचा नाही. म्हणायचा, हॅटीची आण. मग मी तुझ्या आईजवळ बसून करायला लागले. ती माझ्या मडक्यांच्या बुडावर आपलं नाव कोरायची आणि आपल्याबरोबर विकून आणायची. तेरा-चौदा वर्षं.”

“किती मडकी?”

“मोजली नाहीत. त्या वेळी आम्ही ती खायचो.”

“माझ्या त्रेचाळिसांत तुझी किती?”

“बघावं लागेल. मी डावरी. आत हात घालून बघ. खरवडल्याच्या रेघा उलट्या जात असतील तर ते माझं.”

अल्फ्रीडा आईकडे वळली. “एकोणीस वर्षं मी ती आणते आहे. प्रत्येक वेळी तुला दाखवते. तू एकदाही बोलली नाहीस.”

“तू आनंदात असायचीस,” हॅटी म्हणाली. “आणि मडकी चांगली होती. वाईट असती तर सांगितलं असतं.”

“ट्रीव्हा, तुला माहीत होतं?”

ट्रीव्हा अचानक चुलीकडे वळली. “मला लग्नानंतर कळलं. लेलंडनं सांगितलं.”

“लेलंडला माहीत होतं?”

“त्याच्या बहिणीची मडकी, त्याला नसणार?” ट्रीव्हा म्हणाली.

“डॅरलला?”

आतल्या खोलीतला पाट्याचा आवाज थांबला. मग पडद्यामागून, तीन दिवसांत पहिल्यांदाच, नवरीचा बारीक आवाज आला.

“मला त्यानं परवाच सांगितलं.”

आणि पाटा पुन्हा सुरू झाला.

इमोजीनला ठसका लागला. ट्रीव्हानं तोंडावर एप्रन धरला. अल्फ्रीडालाही हसू आलं असतं, पण ती उठून बाहेर गेली आणि बसमध्ये जाऊन बसली.

थोड्या वेळानं इमोजीन आणि हॅटी दोघी बसमध्ये आल्या. इमोजीननं म्हातारीला दंडाला धरून पायरी चढवली. कुणी कुणाची समजूत काढली नाही. इमोजीननं पहिल्या बाकावरचं मडकं अल्फ्रीडाच्या हातात दिलं आणि अल्फ्रीडानं आत हात घातला. बोटांना रेघा लागल्या. उजवीकडे झुकलेल्या. “आईचं,” ती म्हणाली. दुसरं. “तुझं.” तिसरं. “तुझं.” घरातली उरलेली लेलंडनं ओल्या कानांनी आणून दिली. अल्फ्रीडाला वाटलं होतं की प्रत्येक ‘तुझं’बरोबर मडकं हलकं पडेल, पण तसं झालं नाही. तिनं ज्या घड्यासाठी टूसॉनला दोन दिवस उन्हात उभं राहून वाट पाहिली होती, तो इमोजीनचा निघाला. त्याच्यावरची भाजताना आलेली केशरी झाक तिला तेव्हाही आवडली होती आणि आताही आवडत होती, आणि याचाच तिला जास्त राग येत होता.

“एकोणीस,” शेवटी ती म्हणाली.

“तू म्हणतेस तर असतील,” इमोजीन म्हणाली. मग जरा थांबून, “माझ्याकडे माझं एकही नाही.”

अल्फ्रीडाला पुढचं कळलं होतं.

“मला सगळी नकोत. माझ्या घरात फडताळ नाही. एक दे.”

“कुठलं?”

इमोजीननं टूसॉनच्या घड्याकडे बोट केलं.

“तो वाडगा घे ना,” अल्फ्रीडा म्हणाली. “छान आहे. हलका आहे न्यायला.”

“माझ्याकडे ट्रक आहे.”

“मग तो मधला घे. पंखांच्या नक्षीचा.”

“त्याचं तोंड वाकडं आहे. माझंच आहे, मला माहीत आहे. पोर रडत होतं तेव्हा केलेलं.”

अल्फ्रीडानं घडा दोन्ही हातांनी उचलला. काही क्षण तो तिच्या मांडीवरच राहिला. मग तिनं तो इमोजीनच्या मांडीवर ठेवला आणि लगेच हात मागे घेतला, परत धरायचा मोह होऊ नये म्हणून. इमोजीननं तो उलटा केला आणि बुडावरच्या ‘हॅटी’वरून अंगठा फिरवला. मघाचा मोठा आवाज कुठेतरी गेला होता. “बरा आहे,” ती म्हणाली.

तपासायचा एकच वाडगा उरला होता. ओंजळीएवढा, काळ्या ढगांची नक्षी असलेला. फ्लॅगस्टाफच्या एका म्हाताऱ्या बाईनं त्यात घराच्या किल्ल्या ठेवल्या होत्या आणि अल्फ्रीडानं महिन्याचा निम्मा पगार देऊन तो आणला होता. इमोजीननं आत बोट घातलं आणि कपाळाला आठी घातली.

“हे माझं नाही.”

“म्हणजे आईचं.”

“नाही. नक्षी तिची आहे. पण काठाखाली अंगठा दाबलाय तो बघ. केवढासा आहे. पोराचा अंगठा आहे हा.”

हॅटी उठली. “रस्सा लागला असेल खाली,” ती म्हणाली. “बघून येते.”

“ट्रीव्हा बघतेय,” अल्फ्रीडा म्हणाली. “आई, बस.”

हॅटी बसली. तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले. खिडकीबाहेर लेलंड भिंतीवरचा चिखल खरवडत होता.

“तू अकरा वर्षांची होतीस,” ती म्हणाली. “तुझं पहिलं.”

“माझं पहिलं भाजताना फुटलं. तू मला खापऱ्या दाखवल्यास.”

“त्या दुसऱ्याच मडक्याच्या होत्या.”

अल्फ्रीडानं वाडगा आपल्याकडे ओढला.

“तुला शाळेत घालायचं होतं, लांब. थंडी सुरू होणार होती आणि तुझ्या पायात काही नव्हतं. माझी चार मडकी त्या वेळी खरंच फुटली होती. तुझं एकटं धड निघालं. मी नक्षी काढली होती, खाली नाव कोरलं होतं, आणि दुकानात एक माणूस, दातांचा डॉक्टर होता म्हणे, त्यानं तेच उचललं. मी त्याला दुसरं दाखवलं. त्याला तेच हवं होतं.” हॅटीनं श्वास घेतला. “तुला काय सांगायचं? तू त्याला नाव ठेवलं होतंस. रोज बघायला यायचीस. विकलं म्हटलं असतं तर तू रडली असतीस. फुटलं म्हटलं, कारण फुटतातच. त्यावर कुणी कुणाशी भांडत नाही.”

“तपकिरी बूट,” अल्फ्रीडा म्हणाली. “पट्टा होता त्यांना.”

“हो.”

“मी त्यानंतर दोनदाच केलं, आई. दोन्ही फुटली. मला वाटलं माझ्या हातालाच माती लागत नाही. म्हणून मी बस चालवते.”

“ती दोन खरंच फुटली. त्यात माझा हात नव्हता.” हॅटीला हे सांगणं महत्त्वाचं वाटलं. “सगळ्यांचीच फुटतात. इमोजीनला विचार.”

“माझी एकदा नऊच्या नऊ फुटली होती,” इमोजीन म्हणाली. ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे डोळे ओले होते. ते लपवायला तिनं चिखलानं वाळलेल्या बाहीनं नाक पुसलं, आणि नाक आणखीच मळलं.

अल्फ्रीडा उठली. बसच्या पायरीशी मघाची बादली कलंडली होती, तिच्या तळाशी हाताच्या ओंजळीएवढा चिखल उरला होता. तिनं तो घेतला, परत आली आणि ऐंशी वर्षांच्या आईच्या दोन्ही गालांना तो लावला, कपाळाला लावला, नाकाच्या शेंड्यालाही लावला. घाई केली नाही. हॅटीनं डोळे मिटून घेतले आणि लावू दिला.

“झालं?” तिनं विचारलं.

“अजून थोडा आहे.”

“मग लाव. तो काय परत नेणार आहेस?”

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारपर्यंत, दोघी बहिणींनी मिळून फडताळ पुसलं आणि मडकी परत मांडली. यापूर्वी अल्फ्रीडा ती सालानुसार मांडायची. आता वरच्या दोन फळ्यांवर आईची, खालच्या दोनवर इमोजीनची, आणि टूसॉनच्या घड्याची जागा मोकळी. ट्रीव्हानं प्रत्येक टॉवेल मोजून घेतला. ओलसर कापडानं बसचे बाक लेलंडनं पुसले, तरी चिखलाचा वास जाईना, आणि सोमवारी पोरांना काय सांगायचं ते अल्फ्रीडानं ठरवून ठेवलं नव्हतं.

ओंजळीएवढा वाडगा कुठल्याच फळीवर बसेना. आईच्या रांगेत ठेवला तर खोटं, इमोजीनच्या रांगेत ठेवला तरी खोटं. अल्फ्रीडानं तो तात्पुरता टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला आणि हात धुवायला गेली.

कॅमिलचं दळण त्या दिवशी पुरं झालं होतं. खांद्यांपर्यंत पिठानं माखलेली ती पहिल्यांदा सगळ्यांबरोबर जेवायला वाढत होती. मिठाची वाटी कुठे असते ते तिला माहीत नव्हतं. तिनं हाताशी दिसला तो वाडगा घेतला, त्यात मूठभर मीठ ओतलं आणि टेबलाच्या मधोमध ठेवला.

ट्रीव्हाचा हात रश्श्याच्या पळीवर थांबला. लेलंडनं ताटात मान घातली. या घरात फडताळावरच्या मडक्याला कुणी बोट लावलं तरी काय होतं ते दोघांनाही माहीत होतं.

“चुकलं का काही?” कॅमिलनं विचारलं.

“नाही,” अल्फ्रीडा हात पुसत आली. “असू दे तिथेच.”

“छान आहे. कुणी केलाय?”

“मी,” अल्फ्रीडा म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.

हॅटीनं हात लांब करून वाडगा चाचपडत आपल्याकडे घेतला. चिमूटभर मीठ घेतलं. मग वाडगा जरा उचलून, बुडाखाली बोटं घालून त्याचं वजन अजमावलं, जशी ती दुकानदाराकडे नेण्याआधी प्रत्येक मडक्याचं अजमावायची.

“बूड जाड राहिलंय,” ती म्हणाली.

“अकरा वर्षांची होते मी.”

“म्हणूनच तेव्हा बोलले नाही,” हॅटी म्हणाली, आणि रश्श्यात मीठ टाकून ढवळायला लागली.